अतिदक्षता विभाग आणि सेप्सिस : मोजमापाचा एक इतिहास

या पाठात आपण वैद्यकशास्त्राच्या एका तरुण शाखेचा इतिहास पाहणार आहोत. अतिदक्षता विभाग म्हणजेच आयसीयू आज जिल्ह्याच्या गावीही दिसतो, पण त्याचे वय फक्त सत्तरेक वर्षांचे आहे. याच विभागात ज्या अवस्थेशी सर्वांत जास्त झुंज द्यावी लागते ती म्हणजे सेप्सिस. ही अवस्था माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे, तरी तिची व्याख्या २०१६ मध्ये पुन्हा एकदा बदलावी लागली.

मी वैद्यकाचा शिक्षक नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मोजमाप आणि नियंत्रण प्रणाली शिकवतो. जैववैद्यकीय उपकरणे हा विषय शिकवताना विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात : "सर, मॉनिटरवरचे सगळे आकडे नीट असतील, तर रुग्ण बरा होत आहे असे समजायचे का?" अतिदक्षता वैद्यकाचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती मांडता येतो. पुढील विवेचन समजण्यासाठी बारावीचे रसायनशास्त्र आणि टक्केवारी एवढे पुरेसे आहे.

१. शब्द जुना, आजार जुना

'सेप्सिस' हा ग्रीक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ सडणे, कुजणे. जखम चिघळते, तिला दुर्गंधी येते, ताप चढतो आणि काही दिवसांत माणूस दगावतो, हा क्रम प्राचीन वैद्यांनी पाहिला होता. त्यामागचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत कळले नव्हते.

कारणाकडे नेणारे पहिले मोठे पाऊल व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात पडले आणि तेही मोजणीतूनच. तेथे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ मध्ये पहिल्या विभागात १०० बाळंतिणींमागे ११ हून अधिक मृत्यू झाले, तर दुसऱ्या विभागात ३ पेक्षाही कमी. इमारत तीच, शहर तेच, हवा तीच, मग हा फरक कशामुळे? इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला आणि वारला. त्याच्या शरीरात आढळलेले बदल बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांमधील बदलांसारखेच होते. सेमेलवाइसने दुवा जोडला. पहिल्या विभागातील विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत.

मे १८४७ पासून त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ मध्ये पहिल्या विभागाचा मृत्युदर दीड टक्क्याच्याही खाली, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या बरोबरीला आला. जंतू कोणी पाहिला नव्हता, पण उपाय सापडला होता. तरीही समकालीनांपैकी अनेकांनी तो स्वीकारला नाही. १८६५ मध्ये सेमेलवाइस मनोरुग्णालयात वारला आणि त्याच्या मृत्यूचे कारण जखमेतून झालेला संसर्गच होता. त्यानंतर दोनच वर्षांनी जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली.

१९१४ मध्ये जर्मन डॉक्टर ह्युगो शॉटम्युलर यांनी जंतुशास्त्राच्या आधाराने सेप्सिसची व्याख्या केली. शरीरात जंतूंचे एक केंद्र तयार होते, तेथून जंतू सतत किंवा अधूनमधून रक्तात उतरतात आणि त्यातून लक्षणे निर्माण होतात. या व्याख्येनुसार शत्रू एकच, तो म्हणजे जंतू. मग पेनिसिलिन आणि इतर प्रतिजैविके आल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही. रक्तातले जंतू मेले तरी काही रुग्णांचा रक्तदाब घसरतच राहिला, मूत्रपिंडे बंद पडली, फुप्फुसांत पाणी भरले. अशा रुग्णांना काही दिवस तगवून धरता येईल अशी जागाच तेव्हाच्या रुग्णालयात नव्हती. ती जागा एका वेगळ्याच साथीमुळे तयार झाली.

२. लोखंडी फुप्फुस

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील पेशी नष्ट करतो. तो श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर शुद्धीवर असलेला रुग्णही गुदमरून मरतो. १९२८ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फिलिप ड्रिंकर आणि लुई ॲगासीझ शॉ यांनी यावर एक यंत्र बनवले. एका हवाबंद लोखंडी पिंपात रुग्णाला झोपवायचे आणि डोके तेवढे बाहेर ठेवायचे. पिंपातील हवा खेचली की छाती फुगते आणि तोंडावाटे हवा आत जाते. दाब पूर्ववत केला की श्वास बाहेर पडतो. हवा खेचण्यासाठी सुरुवातीला व्हॅक्युम क्लीनरचे भाग वापरले होते. ड्रिंकर हे मूळचे अभियंते होते, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगतो.

या 'लोखंडी फुप्फुसा'ने हजारो जीव वाचवले, पण त्याच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे किंमत आणि आकार. दुसरी जास्त गंभीर : ज्यांच्या गिळण्याच्या स्नायूंनाही पक्षाघात झाला आहे अशा रुग्णांच्या घशात लाळ साचते. पिंपाच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती लाळही फुप्फुसात ओढली जाते.

३. कोपनहेगन, १९५२

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगदाम रुग्णालयात जुलैअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत २,७२२ रुग्ण दाखल झाले आणि त्यांपैकी ८६६ जणांना पक्षाघात झाला. रुग्णालयाकडे पिंपाच्या प्रकारचे एकच यंत्र होते आणि छातीवर बसवण्याची सहा छोटी यंत्रे होती. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले, म्हणजे १०० मागे ८७.

मुख्य डॉक्टर हेन्री लासेन यांनी नाइलाजाने ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. त्या काळी भूलतज्ज्ञाचे काम शस्त्रक्रियागृहापुरतेच मानले जाई. वॉर्डात त्याला विचारणे हीच नवी गोष्ट होती.

आता या कथेतील रसायनशास्त्र पाहू. मरणाऱ्या रुग्णांच्या रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजले तर ते खूप वाढलेले आढळे. याचा बराचसा भाग बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि बायकार्बोनेट हा अल्क आहे. त्यामुळे डॉक्टरांचा समज असा झाला होता की रक्त कोणत्यातरी अज्ञात कारणाने अल्कधर्मी होत आहे. इब्सेन म्हणाले की तसे नाही, रुग्णांचा श्वास अपुरा पडतो आहे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नाही.

दोन्ही स्पष्टीकरणे एकाच मोजमापात बसतात. समीकरण असे :

पीएच = ६.१ + लॉग [ बायकार्बोनेट ÷ (०.०३ × कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब) ]

समजा बायकार्बोनेट ४० आहे. आंशिक दाब नेहमीसारखा ४० असेल तर पीएच सुमारे ७.६२ येतो, म्हणजे रक्त अल्कधर्मी. आंशिक दाब १०० असेल तर पीएच सुमारे ७.२२ येतो, म्हणजे आम्लधर्मी. दोन्ही वेळा 'एकूण कार्बन डायऑक्साइड' जवळपास सारखेच भरते (४१.२ आणि ४३). एका समीकरणात दोन अज्ञात राशी असतील तर उत्तर एक येत नाही, हे आपण शाळेतच शिकतो. येथे दुसरी राशी, म्हणजे पीएच, मोजलीच जात नव्हती. पहिल्या रुग्णाला श्वास वाढवून दिला तर चुकीचे होईल. दुसऱ्याला नाही दिला तर तो मरेल.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी इब्सेन यांना संधी मिळाली. १२ वर्षांची एक मुलगी, चारही हातपाय लुळे, अंगात प्रचंड ताप, ओठ निळे पडलेले. तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत फुग्याची नळी बसवली गेली. फुग्यामुळे वरची लाळ खाली जाईना. नळीला रबरी पिशवी जोडून इब्सेन हाताने श्वास देऊ लागले, पण मुलगी धडपडत होती, श्वासनलिका आकसल्या होत्या आणि हवा आत जाईना. ती आता वाचत नाही असे वाटून पाहणारे काही डॉक्टर खोलीबाहेर गेले. इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले. तिची धडपड थांबली, पिशवी दाबता येऊ लागली आणि थोड्या वेळात ओठांचा रंग परतला. पुढे ती मुलगी जवळपास १९ वर्षे जगली.

आता प्रश्न असा होता की पिशवी दाबणार कोण? यंत्रे नव्हती. विद्यापीठातील वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून जवळपास १,६५,००० तास हाताने श्वास दिला. साथ ऐन भरात असताना एकाच वेळी ७० रुग्ण असे हातांवर जगत होते. हे विद्यार्थी तुमच्याच वयाचे होते. अंधारात मुलाच्या उशाशी बसून मिनिटाला वीसेक वेळा पिशवी दाबायची आणि चेहऱ्याकडे पाहून ती कमी-जास्त करायची. काही मुले त्यांच्या हातांखालीच मेली. तरीही मृत्युदर ८७ वरून ४० टक्क्यांच्या आसपास उतरला.

त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रप यांनी पीएच मोजून कार्बन डायऑक्साइडचा दाब काढण्याची सोय उभी केली. आज 'ब्लड गॅस' म्हणून जी तपासणी अतिदक्षता विभागात दिवसातून अनेकदा होते, तिची परंपरा येथून सुरू होते.

४. विभाग उभा राहतो

साथ संपली, पण धडा उरला. श्वास बंद पडला म्हणून माणूस मेलाच पाहिजे असे नाही. तो बंद पडलेला अवयव काही दिवस बाहेरून चालवता येतो. डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेन यांनी कोपनहेगनच्या नगरपालिका रुग्णालयात एक स्वतंत्र कक्ष सुरू केला. निरनिराळ्या आजारांचे अत्यवस्थ रुग्ण एका ठिकाणी, रात्रंदिवस परिचारिका आणि डॉक्टर उशाशी, सतत मोजमाप. हाच पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो. येथे विभागणी आजाराच्या नावाने झाली नव्हती, रुग्ण किती गंभीर आहे यावरून झाली होती.

हाताने दाबायच्या पिशवीतही सुधारणा झाली. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी आपोआप फुगणारी पिशवी आणली. तिला दाबाखालच्या वायूची टाकी लागत नाही. तिचे नाव अँबू बॅग. आपल्याकडे कोणत्याही रुग्णवाहिकेत ती असते. व्हेंटिलेटर रिकामा नसल्यामुळे रुग्णाचे नातेवाईकच तासन्‌तास अँबू बॅग दाबत बसल्याचे दृश्य आपल्या सरकारी रुग्णालयांत अनेकांनी पाहिले आहे. कोपनहेगनची ती रात्र आपल्याकडे अजून पूर्णपणे सरलेली नाही.

भारतात या शाखेचा पाया घालण्यात मुंबईचे डॉ. फारोख उडवाडिया यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. धनुर्वाताच्या रुग्णांवर त्यांनी केलेले काम विशेष महत्त्वाचे आहे, कारण धनुर्वातातही प्रश्न तोच असतो : विषाचा प्रभाव ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास चालू ठेवणे. १९९३ मध्ये मुंबईत अतिदक्षता तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली.

५. सेप्सिस म्हणजे नेमके काय?

अतिदक्षता विभागामुळे सेप्सिसचे रुग्ण काही तासांत मरण्याऐवजी काही दिवस जगू लागले आणि म्हणून त्यांचा अभ्यास शक्य झाला. तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. बरेचसे नुकसान जंतू करत नाहीत, शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद करतो. चोर पकडण्यासाठी आख्ख्या घरालाच आग लावावी, तशी ही स्थिती.

पण जिच्यावर संशोधन करायचे ती अवस्था ओळखायची कशी? १९९१ मध्ये अमेरिकेत रॉजर बोन आणि इतर तज्ज्ञांची एक परिषद झाली. तिने चार निकष ठरवले : ताप ३८ अंशांपेक्षा जास्त किंवा ३६ पेक्षा कमी, नाडी मिनिटाला ९० पेक्षा जास्त, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, पांढऱ्या पेशी १२,००० पेक्षा जास्त किंवा ४,००० पेक्षा कमी. संसर्ग आणि यांपैकी दोन निकष असले की सेप्सिस.

या व्याख्येने जगभरच्या संशोधकांना समान भाषा दिली, हा तिचा मोठा उपकार. पण तिची मर्यादा तुम्ही स्वतः तपासू शकता. सर्दी झालेली असताना चार मजले धावत चढा. नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर आणि संसर्ग तर आहेच. निकषांच्या भाषेत तुम्हाला सेप्सिस झाला! उलट बाजूने, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील एक लाखाहून अधिक रुग्णांचा २०१५ मधील अभ्यास सांगतो की संसर्ग आणि अवयव निकामी झालेल्या दर आठ रुग्णांपैकी एकात हे दोन निकषही पूर्ण होत नव्हते. म्हणजे चाळणीची भोके काही ठिकाणी फार मोठी होती आणि काही ठिकाणी फार बारीक.

२०१६ मध्ये व्याख्या बदलली. संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊन जिवाला धोका निर्माण होणे म्हणजे सेप्सिस. आता भर ताप आणि नाडीवर नाही; फुप्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, रक्त, मेंदू आणि रक्ताभिसरण यांच्या कामगिरीवर आहे.

६. जादूच्या औषधाचा शोध

शरीराचा प्रतिसादच घातक असेल, तर तो रोखणारे औषध शोधावे हा विचार साहजिक होता. १९८० आणि १९९० च्या दशकांत अशी अनेक औषधे प्रयोगशाळेत यशस्वी ठरली आणि रुग्णांवर अपयशी ठरली. २००१ मध्ये मात्र एक औषध यशस्वी झाल्याची बातमी आली : सक्रिय प्रोटीन सी. १,६९० रुग्णांच्या चाचणीत मृत्युदर ३०.८ वरून २४.७ टक्क्यांवर आला. चाचणी मुदतीआधीच थांबवून औषधाला मान्यता देण्यात आली.

शंका मात्र राहिल्या, कारण या औषधाने रक्तस्राव वाढत होता. दुसरी मोठी चाचणी घेतली गेली. तीत १,६९७ रुग्ण होते. औषध घेतलेल्यांत मृत्युदर २६.४ टक्के, न घेतलेल्यांत २४.२ टक्के. फायदा नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये उत्पादकाने औषध बाजारातून मागे घेतले. एक चाचणी म्हणजे एकच मोजमाप आणि एका मोजमापावर कोणताही अभियंता पूल बांधत नाही. तरी मधली दहा वर्षे हे महागडे औषध रुग्णांना दिले जात होते.

७. आकडा दुरुस्त करण्याचा मोह

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. अतिदक्षता विभागात मोजता येणाऱ्या राशी भरपूर असतात. जी राशी मोजता येते ती 'सामान्य' पातळीवर आणावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तीन उदाहरणे पाहा.

पहिले उदाहरण फुप्फुसांचे. सेप्सिसमध्ये फुप्फुसे ताठर होतात. रक्तातील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड योग्य पातळीवर राहावेत म्हणून व्हेंटिलेटरने मोठे श्वास देण्याची पद्धत होती. २००० मध्ये अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीत दर किलो वजनामागे १२ मिलिलीटर आणि ६ मिलिलीटर अशा श्वासांची तुलना झाली. (वजन प्रत्यक्षातले धरलेले नव्हते, उंचीवरून काढलेले होते, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठे होत नाही.) मोठ्या श्वासांच्या गटात पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचे आकडे जास्त चांगले होते. पण त्या गटात मृत्यू ३९.८ टक्के झाले आणि छोट्या श्वासांच्या गटात ३१ टक्के. यंत्र फुप्फुसांना ताणून इजा करत होते. आकडा सुधारत होता, रुग्ण बिघडत होता.

दुसरे उदाहरण रक्तातील साखरेचे. २००१ मध्ये बेल्जियममधील एका रुग्णालयातील १,५४८ रुग्णांच्या चाचणीत इन्सुलिनने साखर काटेकोरपणे सामान्य ठेवल्यावर अतिदक्षता विभागातील मृत्यू ८ वरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर ही पद्धत पसरली. २००९ मध्ये अनेक रुग्णालयांतील ६,१०४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काटेकोर नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांतील मृत्यू २७.५ टक्के, सैल नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के. निष्कर्ष उलटा आला.

तिसरे उदाहरण रक्ताभिसरणाचे. २००१ मध्ये डेट्रॉइटच्या एका रुग्णालयात इमॅन्युएल रिव्हर्स यांनी २६३ रुग्णांवर चाचणी केली. पहिल्या सहा तासांत विशिष्ट उद्दिष्टे गाठायची : शिरेतील दाब, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातील ऑक्सिजन. मृत्युदर ४६.५ वरून ३०.५ टक्क्यांवर आला. २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंडमधील तीन मोठ्या चाचण्यांनी हे तपासले. या उद्दिष्टांनी काहीही जादा फायदा झाला नाही. मग रिव्हर्स चुकले का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या कामामुळे सेप्सिस हा हृदयविकाराच्या झटक्यासारखाच तातडीचा आजार आहे ही जाणीव पसरली. प्रतिजैविके आणि सलाईन लवकर सुरू होऊ लागले. नव्या चाचण्यांत नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचाही मृत्युदर २००१ पेक्षा पुष्कळ कमी होता. लवकर सुरुवात करणे उपयोगी होते. त्यापुढचा प्रत्येक आकडा जुळवणे आवश्यक नव्हते.

८. आफ्रिकेने दिलेला धडा

श्रीमंत देशांतील नियम गरीब देशांत जसेच्या तसे चालतात का? शॉकमध्ये असलेल्या मुलाला शिरेवाटे भराभर सलाईन द्यावे हा नियम जगभर मान्य होता आणि त्यावर शंका घेणेही अनेकांना अनैतिक वाटत होते. कॅथरिन मेटलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया, टांझानिया आणि युगांडा येथील सहा रुग्णालयांत तो तपासला. या रुग्णालयांत व्हेंटिलेटरची सोय नव्हती. ताप आणि रक्ताभिसरण बिघडल्याची लक्षणे असलेली ३,१४१ मुले या अभ्यासात होती. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. भराभर द्रव दिलेल्या दोन गटांत ४८ तासांतील मृत्यू १०.६ आणि १०.५ टक्के, तर तसा न दिलेल्या गटात ७.३ टक्के. सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या समितीने चाचणी मध्येच थांबवली.

यातील सर्वांत बोलकी गोष्ट अशी की द्रव दिलेल्या गटात पहिल्या तासाभरात शॉकची लक्षणे जास्त मुलांमध्ये निवळली होती. उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला उपचार लागू पडताना दिसत होता. मृत्यू नंतर झाले. चाचणी झाली नसती तर हे कोणाच्याही अनुभवातून कळले नसते.

झांबियात सेप्सिस आणि कमी रक्तदाब असलेल्या प्रौढांवर अशीच चाचणी झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात २०९ रुग्णांपैकी आक्रमक पद्धतीने द्रव दिलेल्या गटात ४८.१ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. त्यांतील बहुसंख्य रुग्णांना एचआयव्हीचा संसर्ग होता. म्हणून हा निकाल सर्वांना सरसकट लावता येत नाही. तसेच अमेरिकेतील नियमही सगळ्यांना सरसकट लावता येत नाही. चाचणी ज्या लोकांवर झाली, ते लोक कोण, हे आधी विचारावे.

९. अतिदक्षता विभागाशिवाय : गडचिरोली

यंत्रांची ही कथा ऐकून असे वाटू शकते की यंत्र नसेल तर काहीच करता येत नाही. महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील काम याच्या उलट सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. नवजात बाळांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण सेप्सिस होते. रुग्णालय दूर, रस्ते वाईट आणि बाळंतीण घराबाहेर पडत नाही अशी रीत.

गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले गेले. बाळ अंगावर पिणे बंद करते, हातपाय ढिले पडतात, अंग गार किंवा गरम लागते, अशा साध्या लक्षणांवरून सेप्सिस ओळखायचा आणि पालकांच्या संमतीने घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि तोंडावाटे औषध द्यायचे. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्युदर १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आला होता. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाली होती. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला.

येथेही चिकित्सक नजर सोडू नये. १६.६ हा आकडा आधीच्या काळातला आणि २.८ नंतरच्या काळातला आहे. दोन काळांची तुलना करताना इतर बदलही मिसळलेले असू शकतात. पण तुलनेची गावे सोबत असल्यामुळे मुख्य निष्कर्षाला बळकटी येते.

१०. समारोप

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सेप्सिसवर स्वतंत्र ठराव केला. त्या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४.८९ कोटी रुग्ण झाले आणि १.१ कोटी मृत्यू सेप्सिसशी संबंधित होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. यातील बहुतेक रुग्ण गरीब आणि मध्यम स्तरातील देशांत होते. औषधांना न जुमानणारे जंतू ही आपल्यापुढची आणखी एक अडचण आहे. अशा वेळी सेमेलवाइसचा चुन्याच्या पाण्याचा घमेला पुन्हा आठवतो, कारण न झालेल्या संसर्गाला प्रतिजैविक लागत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. आकडे नीट असले म्हणजे रुग्ण बरा होत आहे का? कोपनहेगनमध्ये योग्य आकडा न मोजल्यामुळे माणसे मेली. फुप्फुसे, साखर आणि आफ्रिकेतील सलाईन या उदाहरणांत आकडा सुधारत असताना माणसे मेली. तेव्हा मोजमाप हवेच, पण मोजलेली राशी आणि आपले उद्दिष्ट यांत गल्लत करू नये. नियंत्रण प्रणालीत आपण जी राशी मोजतो ती उद्दिष्टाची खूण असते. रुग्णाच्या बाबतीत उद्दिष्ट एकच : तो चालत घरी जावा.

स्वाध्याय

१. बायकार्बोनेट ३६ आणि पीएच ७.३० असल्यास कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब काढा. या रुग्णाला श्वास वाढवून द्यावा की नाही?

२. ८६१ रुग्णांच्या चाचणीत मृत्यूंतील फरक ८.८ टक्के आहे. सरासरी किती रुग्णांना छोटे श्वास दिल्यावर एक जादा जीव वाचेल?

३. मुदतीआधी थांबवलेल्या चाचणीचा निष्कर्ष फसवा का ठरू शकतो? सक्रिय प्रोटीन सी आणि आफ्रिकेतील मुलांची चाचणी या दोन्ही मध्येच थांबल्या होत्या. त्यांतील फरक लिहा.

४. तुमच्या विषयातील असे एक उदाहरण द्या, जिथे मोजता येणारा आकडा सुधारला पण मूळ उद्दिष्ट हुकले.